तारीख देणारी माणसं

(अभियंता दिनी, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो, त्या विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची सुरुवात वेळापत्रकाच्या वादानंच झाली. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि खानदेशात गेले. दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या प्रवाहात नळांचा सायफन बांधायचं काम या विशीतल्या तरुणाकडे आलं. काम सुरू झालं आणि पाऊस लागला. नदीला पूर येऊ लागले. हे काम पावसाळा सरल्यावर हाती घेऊ द्यावं, अशी विनंती त्यांनी वर कळवली. कार्यकारी अभियंत्यांना ती रुचली नाही. नव्यानं लागलेल्या मुलानं काम पुढे ढकलायला मागावं, ही त्यांना बेशिस्त वाटली. विश्वेश्वरय्या दातर्तीला परतले आणि त्याच पावसाळ्यात त्यांनी काम पुरं केलं.

हा प्रसंग एरवी जिद्दीचा धडा म्हणून सांगितला जातो, आणि जिद्द त्यात आहेच. पण त्यात आणखीही काही आहे. नदीकाठचा माणूस पाण्याकडे बघून तारीख सांगत होता. कचेरीतला माणूस त्या तारखेवरून सांगणाऱ्याची पारख करत होता. पहिल्याच्या लेखी तो अंदाज होता, दुसऱ्याच्या लेखी तो सचोटीचा प्रश्न होता.

मराठीत या दोन्हींसाठी शब्दप्रयोग एकच आहे: तारीख देणे. डॉक्टर बाळंतपणाची तारीख देतात तेव्हा तो अंदाज असतो; कोणी उसने पैसे परत करायची तारीख देतो तेव्हा ते वचन असतं. घरात ही गल्लत कोणी करत नाही. बांधकामावर, सॉफ्टवेअरच्या कचेरीत, धरणाच्या फाइलमध्ये मात्र ती रोज होते. अंदाज म्हणून दिलेली तारीख वचन म्हणून लिहून घेतली जाते, आणि त्या क्षणापासून माणसं वेगळी वागू लागतात. कोणी आकडा फुगवतो, कोणी घटवतो, कोणी गप्प बसतो. प्रकल्प रखडण्याचं एक मोठं मूळ इथे आहे, आणि आज त्याचाच माग काढायचा आहे.

साधनांची कमतरता नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आडव्या पट्ट्यांचा बारचार्ट हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात रूढ केला. १९५७ च्या सुमारास ड्युपाँ या रसायन कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत आकाराला आली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' जन्मलं. पर्ट बनवणाऱ्यांना माणसाच्या मनाची जाण होती. प्रत्येक कामासाठी त्यांनी तीन आकडे मागितले: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, नेहमीसारखं झालं तर किती, आणि सगळं बिघडलं तर किती. तिन्हींची भारित सरासरी काढायची, म्हणजे आशा आणि भीती यांचा तोल राहील, अशी त्यामागची कल्पना होती.

तो तोल मनात मुळात असतो का, हे रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तपासलं. त्यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की काम कधी संपेल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग विचारलं, की जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. सगळं बिघडेल असं धरून दिलेला आकडाही तोकडा पडला! ही मुलं कोणाला फसवत नव्हती. त्यांच्यावर साहेब नव्हता, कंत्राट नव्हतं, दंडही नव्हता. संकटाची कल्पना करायला सांगितली, तरी मन आपल्याच योजनेच्या अंगणात फिरत राहिलं.

या प्रवृत्तीला डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७० च्या दशकातच नाव दिलं होतं. इंग्रजीतलं ते नाव 'प्लॅनिंग फॅलसी', मराठीत त्याला नियोजनाची भूल म्हणता येईल. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या विषयावरची त्यांची सर्वांत प्रामाणिक नोंद त्यांच्या स्वतःच्या फसगतीची आहे, आणि ती जरा सविस्तर पाहण्याजोगी आहे.

इस्रायलमधल्या शाळांसाठी निर्णयशास्त्राचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करायचं ठरलं. मंडळी दर शुक्रवारी दुपारी जमायची. वर्षभर काम झालं, आराखडा तयार झाला, एक-दोन प्रकरणंही लिहून झाली. मग एके दिवशी कानेमन यांनी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, की पुस्तक पूर्ण व्हायला किती काळ लागेल. मोठ्यानं न बोलता चिठ्ठीवर लिहायचं, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा आपला आकडा बदलणार नाही. चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्यांचे आकडे दोन वर्षांच्या आसपास होते: कोणाचं दीड वर्ष, कोणाचं अडीच.

त्या मंडळीत सेमूर फॉक्स नावाचे शिक्षणतज्ज्ञ होते. अभ्यासक्रम घडवणारे अनेक गट त्यांनी जवळून पाहिले होते. कानेमन यांनी त्यांना विचारलं, की अशा इतर गटांना या टप्प्यापासून पुढे किती काळ लागला. फॉक्स थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, की सुमारे ४० टक्के गटांनी काम अर्धवटच सोडलं, आणि ज्यांनी पुरं केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. पुढचा प्रश्न आला: आपला गट त्यांच्याहून सरस आहे का? उत्तर मिळालं: नाही, सरासरीहून थोडा कमीच आहे.

यातली खरी गोष्ट फॉक्स यांच्या चिठ्ठीत आहे. ही सगळी माहिती त्यांच्या डोक्यात होती, तरी काही मिनिटांपूर्वी त्यांच्याही चिठ्ठीतला आकडा इतरांसारखाच होता. दुसऱ्यांच्या कामाविषयी जे ठाऊक होतं, ते आपल्या कामाला लावावं असं विचारेपर्यंत त्यांच्या मनात आलं नाही. आणि आकडा कळल्यावर तरी काय झालं? कोणीही काम थांबवलं नाही. पुस्तक आठ वर्षांनी पूर्ण झालं. तोवर शिक्षण खात्याचा उत्साह ओसरला होता, आणि ते पुस्तक कधीच वापरलं गेलं नाही.

इथवर दोष आशेचा होता. जिथे पैसा आणि सत्ता येते तिथे आशेच्या जोडीला गरज येते. काम मंजूर व्हावं म्हणून आकडा लहान असणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. मोठ्या प्रकल्पांचा जन्मभर अभ्यास करणारे डेन्मार्कचे प्राध्यापक बेंट फ्लिवबर्ग या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: एक स्वतःची फसवणूक, दुसरी दुसऱ्याची. त्यांनी जगभरच्या १६ हजारांहून अधिक प्रकल्पांची आकडेवारी गोळा केली. ठरल्या खर्चात आणि ठरल्या वेळेत पुरे झालेले प्रकल्प त्यात अवघे ८.५ टक्के निघाले. जो लाभ सांगितला होता तोही देणारे तर अर्धा टक्काच.

सिडनीच्या ऑपेरा हाउसचं उदाहरण त्यात ठळक आहे. योर्न उट्झॉन यांच्या आराखड्याची निवड १९५७ साली झाली. अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि १९६३ साल. न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर जोसेफ केहिल यांना काम लवकर सुरू व्हायला हवं होतं, कारण सरकार बदललं तर सगळंच बारगळेल अशी धास्ती होती. मार्च १९५९ मध्ये काम सुरू झालं. त्या वेळी शिडांसारखी दिसणारी ती छतं नेमकी कशी उभी करायची, याचं गणित सुटलेलं नव्हतं. छतांचं वजन ठाऊक नसताना खालचे खांब उभे राहिले, आणि पुढे ते कमजोर ठरून नव्यानं बांधावे लागले. केहिल त्याच वर्षी वारले. उट्झॉन १९६६ मध्ये राजीनामा देऊन निघून गेले आणि आपली पूर्ण झालेली इमारत पाहायला कधीही परतले नाहीत. उद्घाटन १९७३ साली झालं. खर्च झाला १० कोटी २० लाख डॉलर.

केहिल यांची घाई समजण्यासारखी आहे. एकदा खड्डा खणला की तो कोणी बुजवत नाही, हे त्यांना कळत होतं. आपल्याकडे भूमिपूजनाची घाई होते तिच्यामागे हाच हिशेब असतो.

भंडारा जिल्ह्यातल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झालं. मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती. पुढे ती १८ हजार कोटींच्या वर गेली. या वाढीत महागाई आहे, पुनर्वसन आहे, जमिनीचा वाढता मोबदला आहे, बदललेले आराखडे आहेत. जलसंपदा खात्यात अशा वाढीला एक घरगुती नाव पडलं आहे: सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. शब्दाला इतकं सुटसुटीत रूप यावं, यातच ती गोष्ट किती नित्याची झाली ते कळतं. सुधारणा मिळणारच आहे हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असेल, तर पहिला आकडा खरा असावा याची निकड कोणालाच उरत नाही. त्याची किंमत कोण मोजतं? पाण्याची वाट बघत ज्या शेतकऱ्याची उमेद सरली तो मोजतो. गाव सोडावं लागणार हे कळूनही, कधी सोडावं लागणार हे न कळल्यामुळे ज्यानं घराचं छप्परही बदललं नाही, तो मोजतो.

माणसाच्या वागण्याचा विचार करताना बारचार्टच्या बाहेरची माणसं विसरून चालत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूचं काम ६६० कोटी आणि पाच वर्षं असा अंदाज धरून निघालं. भूमिपूजन १९९९ साली झालं, सेतू खुला झाला ३० जून २००९ रोजी, आणि खर्च सुमारे १,६०० कोटींवर पोचला. मधल्या काळात जनहित याचिका झाल्या, वरळीच्या कोळी बांधवांचा विरोध झाला, मार्गाची आखणी बदलली. ज्या खाडीतून होड्या रोज ये-जा करतात, तिथे खांब येणार म्हटल्यावर कोळीवाडा बोलणारच. हे बोलणं 'अडथळा' या सदरात शेवटी नोंदवायचं, की पहिल्याच पट्टीत 'कामाचा भाग' म्हणून धरायचं, हा नियोजनकर्त्याच्या मनोवृत्तीचा प्रश्न आहे.

आता फाइलमधून उतरून साइटवर जाऊ. कुठल्याही मध्यम इमारतीची साप्ताहिक बैठक घ्या. पत्र्याच्या केबिनमध्ये भिंतीवर बारचार्ट चिकटवलेला आहे, कडेचा टेप सुटून तो पंख्याच्या वाऱ्यानं फडफडतोय. मोठे साहेब विचारतात, "चौथा स्लॅब कधी भरणार?" साइट इंजिनीअर मनात हिशेब करतो. सेंट्रिंगला सहा दिवस, सळई बांधायला चार, तपासणीला एक, म्हणजे अकरा. पण मागच्या वेळी अकरा सांगितले होते आणि लाइटचे पाइप टाकणारा आलाच नाही म्हणून चौदा झाले, तेव्हा भर बैठकीत सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. म्हणून तो म्हणतो, "सर, अठरा दिवस धरा." साहेबही याच वाटेनं वर आलेले आहेत. ते म्हणतात, "अठरा कशाला लागतात? चौदात करा." वहीत चौदा लिहिलं जातं. अकरा हा एकच खरा आकडा होता, आणि तो खोलीत कोणी उच्चारलाच नाही.

पुढे काय होतं, ते इस्रायली व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ च्या 'क्रिटिकल चेन' या पुस्तकात मांडलं. हातात चौदा दिवस आहेत म्हटल्यावर पहिले तीन दिवस दुसऱ्या इमारतीच्या प्लॅस्टरमध्ये जातात. परीक्षा लांब असली की विद्यार्थी जसा निवांत असतो तसं हे, म्हणून गोल्डरॅट यांनी त्याला विद्यार्थ्यांचाच आजार म्हटलं. राखून ठेवलेले दिवस सुरुवातीलाच खर्च झाले. नेमका शेवटी फिटर गावी गेला, की उशीर ठरलेला. समजा उलट झालं आणि काम दहाव्या दिवशीच संपलं, तर ते सांगायची हिंमत होत नाही, कारण पुढच्या वेळी दहाच दिवस मिळतील. मग स्लॅबवर बारीकसारीक कामं निघत राहतात. मिळालेला वेळ काम व्यापून टाकतं, हे निरीक्षण सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली 'इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहून ठेवलंच आहे.

याचा एकत्रित परिणाम असा, की उशीर पुढच्या कामाला मिळतो आणि बचत मिळत नाही. पाच कामांनी वाचवलेला वेळ पाच ठिकाणी जिरतो. एका कामाचा उशीर शेवटपर्यंत वाहत जातो. प्रत्येकानं स्वतःपुरता मार्जिन ठेवूनही सगळा प्रकल्प उशिरा होतो तो यामुळे. यात आळशी किंवा लबाड कोणीच नसतो. प्रत्येक जण स्वतःला बोलणी बसू नयेत एवढंच पाहत असतो.

आणि मग तो प्रसिद्ध आकडा येतो: "नव्वद टक्के झालंय." हा आकडा आठवड्यामागून आठवडे तसाच राहतो. उरलेल्या दहा टक्क्यांत सगळी अवघड कामं असतात: दरवाजे-खिडक्यांचे सांधे, गळती, परवाने, पूर्णत्वाचा दाखला. दिसणारं काम संपलेलं असतं आणि न दिसणारं उरलेलं असतं. केलेल्या कामाची मोजणी टक्क्यांत करणं सोपं पडतं. उरलेल्याची यादी करायला मात्र कोणीतरी जिने चढून प्रत्येक खोलीत जावं लागतं.

उशीर दिसू लागला की वरून ठरावीक उपाय येतो: माणसं वाढवा. सॉफ्टवेअरमध्ये करिअर करणाऱ्या मराठी मुलामुलींनी हा अनुभव पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत घेतलेला आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी १९६० च्या दशकात आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचं काम सांभाळलं आणि १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं घातली की तो आणखी उशिरा होतो, हा त्यांचा निष्कर्ष. कारणही साधं आहे. नव्यांना शिकवायला जुन्यांनाच काम सोडावं लागतं. शिवाय माणसं वाढली की बोलाचाली वाढतात: पाच जणांत दहा जोड्या असतात, दहा जणांत पंचेचाळीस. शंभर मजूर एका विहिरीच्या तळाशी उतरत नाहीत, हे कुठलाही विहीर खणणारा जाणतो. संगणकावरच्या कामाची विहीर दिसत नाही, एवढाच फरक.

पण सगळ्यांत महाग पडतं ते न ऐकलेलं बोलणं. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. 'चॅलेंजर' हे अवकाशयान दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायचं होतं, आणि आधीच अनेकदा पुढे ढकललं गेलं होतं. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. घन इंधनाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते युटामधून दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगत होते, की एवढ्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी नीट बसणार नाही, उड्डाण करू नये. त्यांच्यातल्या रॉजर बॉइसजोली यांनी सहा महिन्यांपूर्वीच लेखी इशारा दिला होता. नासाच्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला. मग कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसात चर्चा केली आणि अभियंत्यांचं मत बाजूला ठेवून उड्डाणाला होकार कळवला. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. सात जण गेले, त्यात एक शाळेतली शिक्षिका होती.

दातर्तीच्या पावसाचा आणि फ्लोरिडाच्या थंडीचा संबंध इथे जुळतो. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष वस्तूच्या जवळ उभा असलेला माणूस हवामानाबद्दल बोलत होता आणि ऐकणाऱ्याच्या मनात वेळापत्रक होतं. दातर्तीला विश्वेश्वरय्यांच्या कर्तबगारीनं निभावलं. दर वेळी निभावत नाही.

मग तारीख पाळणारी माणसं नसतातच का? नक्कीच असतात, आणि त्यांच्याकडून शिकायला हवं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळानं रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबन रेल्वेपुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात फेकले. रेल्वेनं दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्यानं पूल ४६ दिवसांत उभा केला. गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल, की मुदत कमी केली की काम होतं. पण खोलात गेलं की दिसतं ते वेगळं. वाहून गेलेले गर्डर मच्छीमारांच्या मदतीनं समुद्रात शोधले आणि तेच परत बसवले. नवे गर्डर बनवायचा वेळ वाचला तो पाण्याची खबर असणाऱ्याला विचारल्यामुळे. आणि निर्णय घेणारा माणूस पुलावरच होता.

तेच श्रीधरन १९९० मध्ये कोकण रेल्वेवर आले. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, दोन हजारांच्या आसपास पूल, नव्वदहून जास्त बोगदे, आणि मुदत पाच वर्षं. जमीन चाळीस हजारांहून अधिक मालकांकडून घ्यायची होती. ज्यांनी आंबा-काजूची कलमं हातानं लावली, त्यांच्याशी बोलायला माणसं घरोघर गेली. भूसंपादन ही रेल्वेमार्गातली एरवीची सर्वांत लांब पट्टी, ती इथे झपाट्यानं सरकली. कार्यालयांत उरलेले दिवस उलटे मोजणारे फलक लागले. प्रत्येकाला तोच एक आकडा दिसायचा, आणि तो कोणाला फुगवता किंवा लपवता येत नव्हता.

तरीही कोकण रेल्वे पाच वर्षांत झाली नाही. गोव्यात मार्गावरून वाद झाला. मऊ मातीतले नऊ बोगदे माणसांना अक्षरशः झुंजवत राहिले. पेडण्याचा बोगदा पुन्हा पुन्हा ढासळला, त्यात कामगारांचे जीव गेले. सलग वाहतूक २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाली. सात वर्षांहून थोडा जास्त काळ लागला. श्रीधरन यांच्या हाताखाली जिथे निसर्ग ओळखीचा होता, तिथे तारीख आधी गाठली गेली. दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा ठरल्या मुदतीच्या जवळपास तीन वर्षं आधी संपला. जिथे मातीच अनोळखी होती, तिथे त्याच माणसांनी, त्याच शिस्तीनं काम करूनही उशीर झाला. या उशिराला बेशिस्त म्हणणं हा त्या कामगारांवर अन्याय ठरेल.

फॉक्स यांच्याकडून जे उशिरा कळलं, ते आधी विचारायची पद्धत आता काही देशांनी नियमात बसवली आहे. ब्रिटनच्या अर्थखात्यानं २००३ पासून आपल्या मार्गदर्शिकेत आशावादापोटी भर धरायला सांगितलं. प्रकल्प मांडणाऱ्यानं आपला आकडा द्यायचा, आणि त्याच जातीच्या जुन्या प्रकल्पांना प्रत्यक्षात किती लागलं त्यावरून तो वाढवायचा. आपल्याकडे केंद्र सरकारचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी रुपयांहून मोठ्या केंद्रीय प्रकल्पांची खर्च आणि मुदतीची नोंद ठेवत आलं आहे. म्हणजे फॉक्स यांच्या डोक्यात होती तशी माहिती आपल्या कपाटांत आहे. नव्या प्रकल्पाचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, लिहिताना ते कपाट उघडलं गेलं पाहिजे. तालुक्याचा पूल बांधताना त्याच तालुक्यातल्या मागच्या सहा पुलांना किती पावसाळे लागले, हे पहिल्या पानावर आलं पाहिजे.

राखीव दिवस कुठे ठेवायचे, याचं उत्तर तर आपल्या पायाखालच्या वाटेवर आहे. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. लाखो माणसं, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरची पायवाट, पाऊस, घाट, आणि पोचायची तिथी हलणार नाही. या वेळापत्रकात माणसाच्या अंगाचा विचार आहे: दिवेघाट चढून जाणाऱ्या लांबच लांब टप्प्यानंतर सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की दिवसांचा फरक सगळ्या मुक्कामांत थोडाथोडा वाटला जात नाही. लोणंदचा मुक्काम कधी एका दिवसाचा होतो, कधी अडीच दिवसांचा. कमी-जास्त करायची जागा ठरलेली असते आणि ती सगळ्यांना माहीत असते. दर दिंडीनं आपापला एकेक दिवस गुपचूप राखून ठेवला असता, तर पंढरपूरजवळच्या वाखरीला कोण कधी पोचलं असतं? गोल्डरॅट यांनी कारखान्यांना जे सांगितलं ते हेच: प्रत्येकाच्या खिशातले दिवस काढून एका ठिकाणी, उघड्यावर ठेवा.

अकरा दिवस म्हणणाऱ्याला ते म्हणता यावं, यासाठी बैठकीची रीत बदलावी लागेल. वहीत दोन रकाने हवेत, एक अंदाजाचा, एक वचनाचा, आणि पहिला चुकला म्हणून कोणाला बोल लावायचा नाही. वचन मागायचं ते अंदाज ऐकून घेतल्यावर. लवकर संपलेलं काम सांगणाऱ्याच्या पुढच्या आकड्याला कात्री लावायची नाही. हे नियम लिहायला अर्धं पान पुरेल. पाळायला मोठ्या साहेबांना आपली जीभ आवरावी लागेल, आणि ते काम कुठल्याही सॉफ्टवेअरला सोपवता येत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक कृती उद्याच्या बैठकीतही करता येईल. काम सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगायचं: समजा, दोन वर्षं उलटली आहेत आणि हे काम पार फसलं आहे, ते का फसलं, ते चिठ्ठीवर लिहा. मुकादमालाही चिठ्ठी द्यायची, स्टोअरकीपरलाही, काल लागलेल्या मुलालाही. भविष्य वर्तवायला कचरणारी माणसं घडून गेलेल्याची कारणं सांगायला कचरत नाहीत. चिठ्ठ्या दुमडून टेबलावर ठेवायच्या आणि साहेबांनी त्या एकेक करून मोठ्यानं वाचायच्या, अक्षर कोणाचं ते न विचारता. त्या कार्यकारी अभियंत्यांच्या कचेरीत अशी चिठ्ठी फिरली असती, तर नदीवरून आलेल्या त्या तरुणानं तिच्यावर एकच शब्द लिहिला असता: पावसाळा.